पिकप ट्रकचे समतलन व उत्थापन

पिकप ट्रकचा पुढचा भाग उचलून तो मागच्या भागाच्या बरोबरीला आणण्यासाठी जे सुटे भाग बसविण्यात येतात, त्यांच्या जुडीस समतलन संच म्हणतात. सबंध ट्रकच जमिनीपासून अधिक उंच करणाऱ्या भागांच्या जुडीस उत्थापन संच म्हणतात. पहिल्या प्रकारात उंचीतील वाढ बहुधा २५ ते ६५ मिमी. असते व ती फक्त पुढच्या आसापुरती असते. दुसऱ्यात ती दोन्ही आसांवर ५० मिमी. पासून १५० मिमी. पर्यंत व काही वेळा त्याहूनही अधिक असते. दोन्ही संच वाहन विकत घेतल्यानंतर बाहेरून बसवून घेण्याचे आहेत. त्यांचा प्रसार प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व कॅनडात असून ऑस्ट्रेलिया, थायलंड व दक्षिण आफ्रिका या देशांतही ते वापरात आहेत. कोणता संच घ्यावा हा प्रश्न वरवर पाहता हौसेचा व दिसण्याचा वाटतो. तथापि त्यावर सुकाणूचे वर्तन, सांध्यांचे आयुष्य, भार वाहण्याची क्षमता व वाहन कलंडण्याची शक्यता या सर्व गोष्टी अवलंबून असतात.

पुढे चालकाची केबिन व मागे उघडा हौदा असे पिकप ट्रकचे स्वरूप असते. फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये मॉडेल टी या गाडीवर कारखान्यातच हौदा बसवून ती विक्रीस आणली, तेव्हापासून हा प्रकार अमेरिकी शेतकऱ्याच्या घरचा झाला. चारही चाकांना शक्ती पुरविणारे ट्रक दुसऱ्या महायुद्धानंतर नागरी वापरात आले. डॉज कंपनीचा पॉवर वॅगन १९४६ मध्ये निघाला, तर शेव्हरोले व फोर्ड यांनी आपले असे ट्रक अनुक्रमे १९५७ व १९५९ मध्ये कारखान्यातून देण्यास प्रारंभ केला. या ट्रकांच्या पुढच्या बाजूसही अखंड आस व पट्टी स्प्रिंगा असत. त्यामुळे ट्रक उंच करणे हे लोहाराच्या आवाक्यातील काम होते. अधिक बाकाच्या पट्ट्या घातल्या व धक्काशोषक लांब बसविले की बरेचसे भागे. प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होऊ देणारे निलंबन (सांगाडा चाकांवर तोलून धरणारी स्प्रिंगांची व भुजांची योजना) शेव्हरोलेने १९६० मध्ये दोन चाके चालविणाऱ्या ट्रकांत आणले आणि जनरल मोटर्सने १९८८ पासून ते चार चाके चालविणाऱ्या पूर्ण आकाराच्या पिकपमध्येही वापरले. तेव्हापासून हे काम भूमितीचे झाले. आज जे दोन वेगळे संच दिसतात, त्यांतील भेदाचे मूळ येथे आहे.

उंच ट्रकची हौस लोकांत पसरण्यास प्रदर्शनी ट्रकही कारणीभूत झाले. सेंट लूइस येथील बॉब चँडलर यांनी आपला १९७४ सालचा फोर्ड एफ-२५० हा ट्रक वाढवत नेऊन ‘बिगफूट’ हा अवाढव्य चाकांचा ट्रक तयार केला व १९८१ मध्ये तो जुन्या मोटारगाड्यांवरून चालविला. पुढे उत्पादकांनीही ही मागणी ओळखली. फोर्डचा एफ-१५० रॅप्टर (२०१० चा नमुना) व शेव्हरोलेचा सिल्व्हराडो ट्रेल बॉस (२०१९ चा नमुना) हे कारखान्यातूनच उंच होऊन येणारे ट्रक होत. ट्रेल बॉसमधील वाढ दोन इंचांची म्हणजे सु. ५० मिमी. आहे.

मूळचा उतार : कारखान्यातून आलेला रिकामा पिकप ट्रक बाजूने पाहिल्यास त्याचा मागचा भाग पुढच्यापेक्षा २५ ते ७५ मिमी. उंच दिसतो. ही रचनेतील चूक नसून हेतुपूर्वक ठेवलेला उतार आहे. मागच्या पट्टी स्प्रिंगा (गॅरेजातील भाषेत कमान-पाटे) भारासाठी योजलेल्या असतात. हलक्या पिकपच्या मागच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांचा मिळून कडकपणा दर मिलिमीटरला ९ किग्रॅ. धरला, तर मागच्या आसावर ५०० किग्रॅ. माल ठेवताच तो भाग सु. ५५ मिमी. खाली बसतो व ट्रक जवळजवळ सपाट होतो. म्हणजे ट्रक सपाट असावा हीच उत्पादकाचीही इच्छा असते, मात्र ती भरलेल्या ट्रकविषयी असते.

ट्रेलर ओढताना हा उतार अधिकच कामी येतो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीच्या गोळ्यावर असावा असा संकेत आहे. समजा, हा भार ४०० किग्रॅ. आहे, गोळा मागच्या आसापासून १.२ मी. मागे आहे आणि दोन आसांमधील अंतर ३.६८ मी. आहे. तरफेच्या नियमाने पुढच्या आसावरील भार सु. १३० किग्रॅ. ने घटतो व मागच्यावरील सु. ५३० किग्रॅ. ने वाढतो. मागचा भाग जवळजवळ ६० मिमी. बसतो व पुढचा थोडा उचलला जातो. मूळचा उतार असेल तर नाक फारसे वर जात नाही. तोच उतार समतलन संचाने आधीच खर्च करून टाकला असेल, तर ट्रक नाक वर करून चालतो, पुढची चाके हलकी होतात, सुकाणू सैल वाटू लागते आणि दिव्यांचे झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातात. भार दोन्ही आसांवर वाटणारी विशेष जोडणी वापरल्यास यातील काही भाग भरून निघतो, सर्व नाही.

समतलन संच : याचे कार्य समजण्यासाठी पुढच्या निलंबनाची रचना ध्यानात घेणे आवश्यक आहे. प्रत्येक चाक एकावर एक अशा दोन भुजांनी सांगाड्यास जोडलेले असते. खालच्या भुजेच्या साधारण मध्यावर मळसूत्री स्प्रिंग व धक्काशोषक यांची एकत्र जोडणी टेकलेली असते. तीस स्ट्रट म्हणतात. भुजेचे आतले टोक सांगाड्यावर फिरते व बाहेरच्या टोकाशी चाक असते, म्हणून स्ट्रट जितका सरकतो त्याहून चाक अधिक सरकते. हे प्रमाण ०.६ असेल, तर स्ट्रटच्या जागी ३० मिमी. ची वाढ केल्याने ट्रक ५० मिमी. उचलला जातो. संचाच्या खोक्यावर दोन इंच लिहिलेले असून आतील चकती त्याहून बरीच पातळ निघते, तेव्हा ग्राहकास फसवणुकीची शंका येते. ती निराधार असते.

सर्वांत स्वस्त संच म्हणजे स्ट्रटच्या माथ्यावर, म्हणजे तो सांगाड्यास जेथे जोडतात तेथे, बसविण्याची ॲल्युमिनियम मिश्रधातूची किंवा पोलादाची अंतरक चकती. स्ट्रट उकलावा लागत नाही व स्प्रिंगेस हात लागत नाही, त्यामुळे काम अर्ध्या दिवसात होते. परंतु या पद्धतीत सबंध स्ट्रटच खाली ढकलला जातो. चाक अधांतरी लोंबते तेव्हा ते मूळ मर्यादेपेक्षा ५० मिमी. अधिक खाली जाऊ शकते. चाक किती खाली जावे ही मर्यादा स्ट्रटच्या सर्वाधिक लांबीने ठरलेली असते व तिला धरूनच वरच्या भुजेचा गोलक सांधा आणि चाकास शक्ती देणाऱ्या अर्ध-आसाचा स्थिरवेग सांधा यांचे कोन निश्चित केलेले असतात. मर्यादा ओलांडली की गोलक सांध्याची खुंटी त्याच्या वाटीच्या कडेवर घासू लागते आणि स्थिरवेग सांध्यावरील रबरी आवरण घड्यांवर घडी बसून फाटते. उलट बाजूस, चाक वर दाबले जाते तेव्हा सांगाड्यावरील रबरी आडण लागण्यापूर्वीच धक्काशोषकाचा दट्ट्या तळाशी आदळण्याची शक्यता निर्माण होते. धक्काशोषक अकाली गळू लागण्याचे हे एक कारण आहे.

दुसऱ्या पद्धतीत चकती स्प्रिंग व तिची बैठक यांच्यामध्ये घालतात. येथे स्ट्रटची एकूण लांबी बदलत नाही, म्हणून लोंबण्याची मूळ मर्यादा कायम राहते व सांध्यांना धोका कमी होतो. याची किंमत वेगळ्या रूपाने द्यावी लागते. ट्रक ५० मिमी. वर बसल्यामुळे चाकास खाली जाण्यास उरलेली वाटचाल तितक्याने कमी होते. मूळ वाटचाल १०० मिमी. असेल, तर निम्मीच शिल्लक राहते. गतिरोधकाच्या उंचवट्यावरून उतरताना चाक लवकर संपूर्ण लोंबते व ठक्क असा आवाज येतो. ‘स्प्रिंग दाबून बसविल्याने ती कडक झाली’ असे याचे स्पष्टीकरण पुष्कळदा ऐकू येते, ते बरोबर नाही. एकसारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगेचा कडकपणा तिला आधी किती दाबले आहे यावर अवलंबून नसतो [⟶ स्प्रिंग]. बसणारा धक्का स्प्रिंगेचा नसून संपलेल्या वाटचालीचा असतो.

जनरल मोटर्सच्या जड पिकप ट्रकांत पुढे मळसूत्री स्प्रिंगेऐवजी पीळदांडी असते. लांब पोलादी दांडीचे एक टोक खालच्या भुजेस व दुसरे सांगाड्यातील एका कळीस जोडलेले असते आणि दांडीला पडणारा पीळ स्प्रिंगेचे काम करतो. कळीखालचा बोल्ट आवळला की पुढचा भाग वर येतो. समतलनासाठी वेगळ्या कोनात कापलेली कळी बसवितात, त्यामुळे बोल्टास अधिक वाव मिळतो. हा उपाय अत्यंत सोपा आहे व म्हणूनच त्याचा अतिरेक होतो. बोल्ट पुढे फिरवीत गेल्यास भुजा लोंबण्याच्या आडणीवर जवळजवळ टेकून राहते आणि चाकाला खाली जाण्यास जागाच उरत नाही. उत्तरेकडील राज्यांत बर्फ लोटण्याचे जड पाते ट्रकच्या नाकावर बसवितात, तेथे मात्र पीळदांडी थोडी आवळून घेणे न्याय्य आहे. भार खरोखरच पुढे असतो व उंची केवळ पूर्वपदावर येते.

फोर्डचे सुपर ड्यूटी व रॅमचे २५०० आणि ३५०० या चार चाके चालविणाऱ्या जड ट्रकांच्या पुढे आजही अखंड आस आहे. तिच्या स्प्रिंगांवर चकती ठेवणे सुलभ आहे. परंतु आसाला धरून ठेवणाऱ्या दोन भुजा तिच्यामागे सांगाड्यावर फिरतात, हे विसरून चालत नाही. भुजेची लांबी १ मी. असेल व सांगाडा ६० मिमी. उचलला, तर आस सु. ३.४° पुढे कलते. सुकाणूचा खुंट मागे कललेला असतो म्हणून चाके आपोआप सरळ होऊ पाहतात. या कलास कॅस्टर म्हणतात व तो मुळातच काही अंशांचा असतो. त्यातून तीन अंश गेले की चाकांची सरळ राहण्याची प्रवृत्ती क्षीण होते. अशा स्थितीत सांधे थोडे जरी झिजलेले असले, तरी महामार्गावर एखाद्या खड्ड्याचे निमित्त होऊन पुढचा सबंध आस दोन्ही बाजूंना जोराने थरथरू लागतो व ट्रक जवळजवळ उभा केल्याखेरीज ती थरथर थांबत नाही. शिवाय आसाला आडवी धरणारी तिरकी दांडी वर्तुळाच्या कंसात फिरते, त्यामुळे उचललेल्या ट्रकचा पुढचा आस एका बाजूस सरकतो. तेव्हा अशा ट्रकसाठी घेतलेल्या संचात कॅस्टर दुरुस्त करणाऱ्या बैठका व लांबी जुळविता येणारी दांडी नसेल, तर तो संच अपुरा समजावा.

मागचे ठोकळे काढून ट्रक सपाट करण्याचाही एक मार्ग काही जण अवलंबितात. त्यात भार घेण्याची उरलीसुरली वाटचालही जाते.

उत्थापन संच : यांचे दोन वर्ग आहेत. बॉडी-उत्थापनात सांगाडा व निलंबन यांना स्पर्श न करता केबिन व हौदा यांच्या बैठकांखाली २५ ते ७५ मिमी. चे ठोकळे घालतात. मोठ्या चाकांना जागा मिळते एवढाच त्याचा उपयोग असतो. सुकाणूचा दांडा व नळ्या लांबवाव्या लागतात आणि बंपर व बॉडी यांत फट दिसते. सांगाडा होता तेथेच राहत असल्याने गुरुत्वमध्य तुलनेने कमी चढतो व सांध्यांचे कोन बदलत नाहीत. दिसायला ओबडधोबड असूनही यांत्रिक दृष्ट्या हा बराच निरुपद्रवी प्रकार आहे.

निलंबन-उत्थापनात सांगाडाच चाकांपासून दूर नेला जातो. स्वतंत्र निलंबनाच्या ट्रकात १०० ते १५० मिमी. ची वाढ चकत्यांनी साधत नाही. त्यासाठी सांगाड्याखाली नव्या आडव्या तुळया बसवून खालच्या भुजांचे आधारबिंदू व डिफरन्शियलचे घर तितकेच खाली आणतात, चाकाला धरणारा सुकाणू-खुंट अधिक उंचीचा घालतात, ब्रेकच्या नळ्या लांबवितात व काही ट्रकांत मूळ कंसांचा भाग कापून टाकावा लागतो. सर्व जोडण्या एकाच मापाने खाली गेल्यामुळे भुजांचे व अर्ध-आसांचे कोन मुळासारखेच राहतात. यातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. ६५ मिमी. च्या स्वस्त चकतीने सांध्यांवर जो ताण येतो, तो नीट योजलेल्या १५० मिमी. च्या उत्थापनात येत नाही. समतलन म्हणजे थोडे उत्थापन व उत्थापन म्हणजे पुष्कळ समतलन, ही समजूत म्हणूनच दिशाभूल करणारी आहे. पहिल्यात मूळ भूमिती ताणली जाते, दुसऱ्यात ती उचलून दुसरीकडे मांडली जाते.

मागच्या बाजूस पट्टी स्प्रिंग व आस यांच्यामध्ये ओतीव लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टांनी आवळतात किंवा नवीन अधिक बाकाच्या पट्ट्या बसवितात. ठोकळा स्वस्त पडतो. परंतु जोराने वेग घेताना आस स्वतःभोवती वळू पाहतो व ठोकळ्याच्या उंचीने त्या पिळाची तरफ लांब होते. एकावर एक दोन ठोकळे रचणे सर्वथा वर्ज्य आहे. पट्टी स्प्रिंगेच्या पुढच्या आसाखाली ठोकळा घालण्याचे जाणते कारागीर टाळतात, कारण तेथे ब्रेकच्या व सुकाणूच्या बळांनी तो निसटल्यास वाहन हाती राहत नाही.

उत्थापनाने जमिनीपासूनचे अंतर किती वाढते, याविषयीही गैरसमज आहे. अखंड आसाच्या ट्रकात डिफरन्शियलचे घर हा सर्वांत खालचा भाग असतो व तो चाकाच्या केंद्राशी बांधलेला असल्यामुळे निलंबन कितीही उंच केले, तरी तो तसूभरही वर येत नाही. त्याला उचलतो तो केवळ मोठा टायर, आणि तोही व्यासातील वाढीच्या निम्म्याने. स्वतंत्र निलंबनाच्या संचातील खाली आणलेल्या तुळयाही जमिनीपासून जवळजवळ मूळ उंचीवरच राहतात. सांगाडा, पायरी व बंपर मात्र उंच होतात, त्यामुळे खडकाळ चढावर ट्रकचे पोट व टोके घासत नाहीत.

टायर व दंतचक्रे : बहुतेक मालकांचा खरा हेतू मोठे टायर बसविण्याचा असतो. हलक्या पिकपचा मूळ टायर सु. ३२ इंच (८१ सेंमी.) व्यासाचा असतो. समतलनानंतर सामान्यतः ३३ इंची (८४ सेंमी.) टायर मावतो, तर ३५ इंचीसाठी (८९ सेंमी.) बहुधा १०० ते १५० मिमी. चे उत्थापन करतात. ३२ वरून ३५ वर गेल्यास चाकाच्या एका फेऱ्यात ९.४ टक्के अधिक अंतर कापले जाते. वेगमापकाची दुरुस्ती केली नाही, तर तो ताशी १०० किमी. दाखवीत असताना ट्रक १०९ किमी. वेगाने जात असतो. आसातील दंतचक्रांचे ३.७३ हे प्रमाण परिणामतः ३.४१ इतकेच उरते व चढावर एंजिन दमते. ते पूर्ववत करण्यास दोन्ही आसांत ४.१० ची दंतचक्रे घालावी लागतात (३५ इंची टायरसह त्यांचे परिणामी प्रमाण ३.७५). ब्रेकचे परिबल तेच असताना त्रिज्या वाढल्याने रस्त्यावर लागणारे रोधक बल घटते, शिवाय टायरचे वजन वाढलेले असते. संचाची जाहिरातीतील किंमत व अखेरचा खर्च यांतील तफावतीचे कारण येथे सापडते. समतलनाचा खर्च साधारणतः काही शे डॉलरांत आटोपतो. उत्थापनाचा काही हजारांवर जातो व टायर, दंतचक्रे आणि संरेखन यांचा हिशेब त्यात पुष्कळदा धरलेला नसतो.

स्थैर्य : अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन वाहनाची कलंडण्याची प्रवृत्ती स्थितिक स्थैर्य गुणांकाने मोजते. दोन्ही बाजूंच्या चाकांमधील आडव्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागल्यास तो मिळतो. तो जितका अल्प तितके वाहन कलंडण्यास सोपे. उदा., हे आडवे अंतर १,७३० मिमी. व गुरुत्वमध्य ७४० मिमी. उंच असल्यास गुणांक १.१७ येतो. पुढचा भाग ५० मिमी. उचलल्याने गुरुत्वमध्य सु. २५ मिमी. चढतो व गुणांक १.१३ होतो. १०० मिमी. च्या उत्थापनासोबत मोठे टायरही बसविल्यास गुरुत्वमध्य ८५० मिमी. च्या आसपास जाऊन गुणांक १.०२ वर येतो. पहिली घट लक्षात घेण्याजोगी असली, तरी चालकाला पेलणारी आहे. दुसरीत वाहनाचा स्वभावच पालटतो व आणीबाणीत एकदम सुकाणू वळविण्याची सवय चालकाला सोडावी लागते. चाके थोडी बाहेर काढल्याने गुणांक किंचित सुधारतो, पण बेअरिंगांवर ताण येतो.

अमेरिकेतील ४,५३६ किग्रॅ. पर्यंत एकूण भाराच्या नव्या वाहनांत २०१२ च्या नमुन्यांपासून इलेक्ट्रॉनीय स्थैर्य नियंत्रण सक्तीचे आहे. त्याचे गणित मूळ उंची व मूळ टायर धरून बसविलेले असते. त्यामुळे उत्थापन संच या नियंत्रणासह तपासला आहे काय, हे विक्रेत्याला विचारणे अगत्याचे ठरते. आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचे कॅमेरे व रडारही नव्या उंचीनुसार पुन्हा जुळवून घ्यावे लागतात. पुढचे दिवे तर केवळ समतलनानंतरही जुळविणे अनिवार्य आहे : ३.६८ मी. अंतरात ५० मिमी. चा कल म्हणजे २५ मी. पुढे झोत सु. ३४ सेंमी. वर. या एका कामास अर्धा तासही लागत नाही. तरी ते सर्रास राहून जाते व त्याचा जाच मालकाला न होता समोरून येणाऱ्याला होतो.

उंचीचे परिणाम इतरांनाही भोगावे लागतात. लहान मोटारीवर पिकप आदळल्यास त्याचा सांगाडा तिच्या बंपरवरून आत घुसू नये, म्हणून मोटार उत्पादकांनी २००३ मध्ये स्वेच्छेने एक करार केला. हलक्या ट्रकांचे आघात शोषणारे भाग मोटारीच्या बंपरच्या पट्ट्यात (जमिनीपासून ४०६ ते ५०८ मिमी.) आणण्याचे, अथवा तेथे खाली दुसरी तुळई देण्याचे, त्यांनी ठरविले व सप्टेंबर २००९ पर्यंत ते अमलात आणले. १५० मिमी. चे उत्थापन ही जुळणी मोडून काढते. तसेच नाकापुढील न दिसणारा टापू लांबतो आणि घराच्या अंगणात लहान मूल त्या टापूत असण्याचा धोका वाढतो.

निवड : ट्रक कशासाठी वापरायचा, यावर ती अवलंबून आहे. हौद्यात नित्य माल भरणाऱ्याने किंवा ट्रेलर ओढणाऱ्याने मूळचा उतार न बिघडविणे हेच श्रेयस्कर. रिकामा ट्रक शहरात चालविणाऱ्यास व एक माप मोठा टायर हवा असणाऱ्यास ४० ते ५० मिमी. चे समतलन पुरते. ते चकतीऐवजी त्या उंचीसाठीच बनविलेल्या स्ट्रटने साधले, तर खर्च वाढतो. पण वर वर्णिलेले बहुतेक दोष टळतात. ६० मिमी. च्या पुढे जायचे असल्यास वरच्या भुजा बदलणे क्रमप्राप्त असते. खडक, ओढे व खोल चाकोऱ्या हा ज्याचा नित्याचा मार्ग आहे, त्याच्यासाठीच पूर्ण उत्थापन सयुक्तिक आहे. आणि त्याने तुळया, खुंट, नळ्या व मागच्या स्प्रिंगा यांसह संपूर्ण संच एकाच उत्पादकाकडून घ्यावा. निरनिराळ्या संचांतील भाग एकत्र करणे धोक्याचे असते. काम कोणतेही असो, नंतर चाकांचे संरेखन करून घ्यावे व ८०० ते १,००० किमी. चालल्यावर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. समतलनाने किंवा उत्थापनाने ट्रकची अधिकृत भारक्षमता वाढत नाही. उलट जड टायर व तुळया यांच्या वजनाइतकी ती घटते.

कायदा : अमेरिकेत उंचीवर मर्यादा घालणे हा घटक राज्यांचा विषय असून बंपरची, सांगाड्याची वा एकूण उत्थापनाची मोजमापे राज्यागणिक भिन्न आहेत. पुढच्या दिव्यांसाठी १,३७२ मिमी. ही कमाल उंची नव्या वाहनांच्या संघीय मानकात आहे. पुढचा भाग उचलून मागचा मुद्दाम खाली बसविण्याची एक चाल दोन्ही कॅरोलायना राज्यांत बोकाळली होती. चालकाला समोरचा रस्ताच दिसेनासा होत असल्यामुळे नॉर्थ कॅरोलायनाने १ डिसेंबर २०२१ पासून, पुढचा मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच (१०२ मिमी.) किंवा अधिक उंच असलेल्या वाहनांना बंदी केली. व्हर्जिनियाने २०२२ मध्ये व साउथ कॅरोलायनाने २०२३ मध्ये तसेच कायदे केले. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस हमी कायद्यानुसार केवळ बाहेरचा भाग बसविला म्हणून उत्पादकास सरसकट हमी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला हे दाखवावे लागते. गोलक सांधे व अर्ध-आस यांच्या बाबतीत ते दाखविणे त्याला अवघड जात नाही.

भारतात खाजगी वापराचे पिकप ट्रक थोडे आहेत. इसुझूचा डी-मॅक्स व्ही-क्रॉस २०१६ मध्ये व टोयोटाचा हायलक्स २०२२ मध्ये येथे आला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला आहे. त्यामुळे मोठ्या उत्थापनास येथे वाव नाही. महाराष्ट्रात भाजीपाला, दूध, वाळू व विटा वाहणाऱ्या छोट्या मालवाहू गाड्यांना मागे एक-दोन पाटे जादा घालून घेण्याचा प्रघात मात्र जुना आहे. त्याने रिकाम्या गाडीचे मागचे टोक वर चढते, पुढचे दिवे रस्त्याकडे झुकतात व भरलेली गाडी कमी बसते. आस, बेअरिंगे, टायर व ब्रेक मूळचेच राहतात. नोंदणी प्रमाणपत्रातील एकूण भारही तोच राहतो व तो ओलांडल्यास कलम १९४ अन्वये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे.